चार डबे एकदम नकोत

प्रिय मित्रा,

व्यायामासोबत घ्यायला आणलेल्या डब्यांचा तू पाठवलेला फोटो बराच वेळ बघत बसलो. अश्वगंधा, गोखरू, मेथीचा अर्क आणि ग्रीन टीच्या कॅप्सूल. चारही एकाच दिवशी सुरू केलंस आणि खाली लिहिलंस, "सगळं नॅचरल आहे सर, साइड इफेक्ट नाहीत." डब्यांपेक्षा या वाक्याचीच मला जास्त काळजी वाटली. जिचा गुण येतो ती वनस्पती औषधच असते, आणि औषध म्हटलं की मात्रा आली, मुदत आली, अपायही आला.

अश्वगंधेपासून सुरू करतो, कारण चौघांत तिच्याच बाजूने थोडाफार भक्कम पुरावा आहे. २०१५ च्या एका चाचणीत ५७ पुरुष होते. निम्म्यांना दिवसातून दोनदा ३०० मिलिग्रॅम अर्क, निम्म्यांना तशीच दिसणारी निष्क्रिय कॅप्सूल, आणि ८ आठवडे सगळ्यांना वजनांचा व्यायाम. अश्वगंधावाल्यांचं बेंच प्रेस, म्हणजे बाकावर आडवं पडून छातीवरून उचलायचं वजन, सरासरी ४६ किलोने वाढलं. जाहिरातीत हा आकडा झळकतो. मला दुसरा आकडा मोलाचा वाटतो: निष्क्रिय कॅप्सूल घेणाऱ्यांचंही २६ किलोने वाढलं होतं! निव्वळ नियमित व्यायामाने. शिवाय ही माणसं वजनं उचलण्यात नवखी होती. तू तीन वर्षं घाम गाळतोयस, तुझी वाढ तशी झपाट्याने होणार नाही.

गोखरूबद्दल फार लिहीत नाही. २००७ मध्ये रग्बी लीगच्या २२ कसलेल्या खेळाडूंवर ५ आठवडे चाचणी झाली. ताकद, स्नायू, टेस्टोस्टेरॉन, कशातच गोखरूने फरक पडला नाही. तो डबा बाजूला ठेव. मेथीच्या अर्काचे निष्कर्ष उलटसुलट आहेत, त्यामुळे तोही आत्ता नको.

ग्रीन टीच्या कॅप्सूल मात्र आजच थांबव. कपभर चहा वेगळा आणि अर्क वेगळा. त्यातला ईजीसीजी हा घटक पूरक गोळ्यांतून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त गेला तर रक्तात यकृताची एन्झाइम्स वाढू शकतात, म्हणजे यकृताला इजा होत असल्याची खूण दिसू शकते, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये सांगितलं. तू त्या सकाळी उपाशीपोटी घेतोस. उपाशीपोटी तो रक्तात जास्त उतरतो.

अश्वगंधेमुळेही काही जणांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद आहे: कावीळ, अंगभर खाज. असं क्वचित घडतं, पण घडतं. तिच्यामुळे थायरॉइड हार्मोनचं प्रमाणही वाढू शकतं, म्हणून थायरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिला हात लावू नकोस.

आता यकृतासाठीच्या रक्ततपासणीचं. इथे व्यायाम करणारी मुलं हमखास गोंधळतात, म्हणून सविस्तर सांगतो. या तपासणीत मोजतात ती एएसटी आणि एएलटी ही एन्झाइम्स यकृतात असतात तशी स्नायूंतही असतात. पायांचा जड व्यायाम करून दुसऱ्या दिवशी रक्त दिलंस तर यकृत ठणठणीत असूनही रिपोर्ट लाल दिसेल. सवय नसलेल्या निरोगी पुरुषांनी तासभर वजनं उचलल्यावर हे आकडे आठवडाभर चढेच राहिल्याचं दिसलं आहे. तेव्हा रक्त देण्याआधी सात-आठ दिवस वजनं बंद ठेव. सोबत जीजीटी (यकृताचं आणखी एक एन्झाइम), बिलिरुबिन (काविळीत वाढणारं पिवळं द्रव्य) आणि सीके (स्नायूंचं एन्झाइम) तपासून घे. जीजीटी स्नायूंतून येत नाही, सीके मुख्यतः स्नायूंतून येतं, त्यामुळे गडबड कुठे आहे ते डॉक्टरांना उमगतं. त्यांना डबेही दाखव. लाजून "काही घेत नाही" म्हणालास तर ते भलत्याच दिशेने शोधत राहतील.

आणखी एक. तू स्पर्धेत उतरणार आहेस. वनस्पतींच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या काही गोळ्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडलं आहे. डोपिंगच्या नियमांत शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूचीच, लेबलवर काहीही छापलेलं असो. म्हणून प्रत्येक बॅच स्वतंत्र प्रयोगशाळेत तपासलेली असेल तरच घे. त्यानेही धोका कमी होतो, संपत नाही.

आधी रिपोर्ट येऊ दे. तो नीट असला आणि तुला हवीच असली, तर एकटी अश्वगंधा घे, ८ आठवडे, रोज झोप आणि उचललेलं वजन वहीत लिहून. मग पुन्हा रक्त तपासू. मधेच लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले किंवा खाज सुटली तर त्याच दिवशी गोळी बंद कर, डॉक्टरांकडे जा आणि मला फोन कर, रात्र असली तरी.

तुझा,
सर