'शुद्ध अफगाणिकस' म्हणून विकला जाणारा लेपर्ड गेको घ्यावा का? साध्या मादीशी त्याची जोडी लावली तर काय होईल?

तुमच्या प्रश्नावरून मला समजलं ते असं: घरी लेपर्ड गेको या ठिपकेदार पालीची साधी पाळीव मादी आहे. एक जण 'रानातून पकडलेल्या जोडीची पहिली पिढी, शुद्ध अफगाणिकस' म्हणून एक नर देतोय (अफगाणिकस ही याच पालीची एक उपप्रजाती) आणि किंमत नेहमीच्या तिप्पट सांगतोय.

त्याला एकच विचारा. याचे आईबाप कुठे पकडले? गाव, निदान जिल्हा, साल, आणि आणले कुणी. 'अफगाणिस्तानात' एवढंच म्हणाला तर ते उत्तर धरू नका, देशाचं नाव कुणीही सांगेल. त्याने फक्त फोटो दाखवून 'बघा, डोक्यावरची जाळी बघा, अंग किती लहान आहे' असं सुरू केलं, तर तुम्ही साध्या पालीची किंमत द्या आणि विषय संपवा. लहान अंगाची, गडद जाळीची पिल्लं साध्या पाळीव पालींतूनही निवडत गेलं की चार-पाच पिढ्यांत मिळतात.

हे मी शहाणपणाने सांगत नाही, फसून सांगतोय. मी जर्मनीत राहतो, अकरा वर्षं या पाली पाळतोय. (सांगलीहून आई फोनवर अजून विचारते, "त्या पाली गेल्या का?" जणू पाहुण्या आहेत.) तिसऱ्या वर्षी एका मोठ्या सरीसृप बाजारात मी 'मोंटानस, दुसरी पिढी' अशी चिठ्ठी लावलेली जोडी घेतली. (मोंटानस म्हणजे 'डोंगरातला', हीही एक उपप्रजाती.) तपकिरी, पट्टे तुटक, अगदी रानातल्यासारखी. दोन हंगाम सगळं ठीक चाललं. मग एका अंड्यातून गुलाबी-पिवळं, फिकट डोळ्यांचं पिल्लू बाहेर आलं. अल्बिनो!

रानातही अल्बिनो जन्मतात, म्हणून लगेच कुणावर आरोप केला नाही. पण लेपर्ड गेकोत अल्बिनोचे तीन वेगळे प्रकार ब्रीडर लोकांकडे आहेत: ट्रेम्पर, रेनवॉटर आणि बेल. यातल्या दोन वेगळ्या प्रकारांची जोडी लावली तर पिल्लं दिसायला साधीच निघतात. पिल्लं अल्बिनो निघाली तर जनुक एकच. पिल्लू मोठं झाल्यावर मी त्याची जोडी एका ओळखीच्या ट्रेम्पर अल्बिनोशी लावली. सगळी पिल्लं अल्बिनो. म्हणजे माझ्या 'डोंगरातल्या' जोडीत, आई आणि बाप दोघांतही, अमेरिकेतल्या ब्रीडरांच्या पिंजऱ्यांतून पसरलेलं जनुक लपून बसलेलं होतं. विकणाऱ्याने खोटं सांगितलं असेलच असं नाही. त्यालाही कुणीतरी तशीच चिठ्ठी लावून दिली असेल.

आता उपप्रजातींचं. या पालीचं (शास्त्रीय नाव युब्लेफॅरिस मॅक्युलॅरियस) पहिलं शास्त्रीय वर्णन एडवर्ड ब्लाइथ यांनी १८५४ मध्ये केलं, पंजाबातल्या मिठाच्या डोंगररांगेतल्या नमुन्यावरून. तो भाग आज पाकिस्तानात आहे. दहा वर्षांनी ग्युंथर यांनी सिंधमधल्या पालीला फॅसिओलेटस हे नाव दिलं. अफगाणिकस आणि मोंटानस ही नावं १९७६ मधली, बोर्नर यांनी दिलेली. तोवर पाकिस्तानातून पाली अमेरिका-युरोपात जायला लागल्या होत्या, आणि त्या खोक्यांवर कुठल्या ओढ्याकाठची पाल ते कुणी लिहीत नव्हतं. सगळ्या एका टाकीत, एकाच नावाखाली. आजच्या पाळीव पाली त्यांच्याच वंशातल्या.

मग त्या मिश्र आहेत का? २०२२ मध्ये ईशान अगरवाल आणि सहकाऱ्यांचा मोठा अभ्यास आला. त्यात आपल्याकडचे वरद गिरी आणि अक्षय खांडेकरही आहेत. ३४ ठिकाणांवरचे ४३ नमुने त्यांनी पाळीव पालींच्या नमुन्यांशी ताडून पाहिले. बाजारातल्या मॅक्युलॅरियसचे ३० नमुने, कितीही रंगीबेरंगी असले तरी, एकाच प्रजातीच्या एकमेकींच्या अगदी जवळच्या काही शाखांत बसले. कराचीजवळ रानात पकडलेल्या एका पालीचा डीएनए तर पाळीव पालींशी तंतोतंत जुळला. बाकीच्यांचे नातेवाईक पाकिस्तानच्या मध्य आणि आग्नेय भागात सापडले.

हे वाचून 'चला, सगळं एकच, मिसळा बिनधास्त' असं म्हणणारे मला भेटलेत. त्यांना दोन गोष्टी सांगाव्या लागतात. रानातल्या पालींशी हे इतकं बारीक नातं ज्या एनडी२ जनुकावरून लावलं, ते फक्त आईकडून येतं. पन्नास वर्षांपूर्वी दुसऱ्या भागातला एखादा नर कुणाच्या टाकीत शिरला असेल, तर त्याचा पत्ता यातून लागणार नाही. आणि याच अभ्यासात इराण, भारत, पाकिस्तान मिळून अजून नाव न मिळालेल्या चार वेगळ्या शाखा असाव्यात असंही निघालं. म्हणजे रानातलं चित्र बाजारातल्यापेक्षा खूप मोठं आहे.

नावं बदलतात ती गंमत वेगळीच. गुजरात आणि महाराष्ट्रात सापडणारी फस्कस पूर्वी याच मॅक्युलॅरियसची उपप्रजाती समजत. आज ती स्वतंत्र प्रजाती आहे. त्या काळात कुणी 'उपप्रजातीच तर आहे' म्हणून जोडी लावली असती, तर आज त्याच्याकडे दोन प्रजातींचा संकर असता आणि त्याला ते माहीतही नसतं. अंडी फुटली म्हणजे प्रजाती एक, असंही नाही. प्रागच्या संशोधकांनी मॅक्युलॅरियस आणि इराणकडची अँग्रामैन्यू यांचा मुद्दाम संकर केला, त्याचा लेख २०१५ मध्ये आला. पिल्लं जगली आणि पुढे त्यांनाही पिल्लं झाली. निसर्ग तुम्हाला अडवणार नाही, चिठ्ठी नीट ठेवणं तुमच्याच हातात.

म्हणून माझं मत सरळ आहे. त्या नराचा ठिकाणासकट कागद असेल, तर तुमच्या साध्या मादीशी त्याची जोडी अजिबात लावू नका. तशाच ठिकाणची मादी मिळेपर्यंत एकटा ठेवा; लेपर्ड गेकोला एकटेपणाचं दुःख नसतं. कागद नसेल, तर तो साधा पाळीव नर. जोडी लावा, पण पिल्लं विकताना 'अर्धं अफगाणिकस' असं लिहू नका. माझ्या टाकीतली भानगड अशाच चिठ्ठीतून सुरू झाली होती.

'नवं रक्त हवं' म्हणून रानातली पाल आणावी, हा युक्तिवाद मला पटत नाही. एकमेकींशी नातं नसलेल्या पाळीव पाली हव्या तेवढ्या मिळतात. एनिग्मा मॉर्फच्या (मॉर्फ म्हणजे ब्रीडरांनी निवडून जपलेला रंगाचा प्रकार) पाली मान वाकडी करून गोल फिरतात ते रक्त जुनं झालं म्हणून नव्हे, त्या मॉर्फबरोबरच तो दोष येतो. लेमन फ्रॉस्टमधल्या बहुतेकांना गाठी होतात त्याचंही तेच. अशा लाइनी टाळा. त्यासाठी डोंगरातून पाल उचलून आणायची गरज नाही.

आणि तो नर खरोखर रानातल्या जोडीचा असलाच, तर घरी आणल्यावर तीन महिने वेगळ्या खोलीत ठेवा. चिमटा वेगळा, पाण्याची वाटी वेगळी, त्याच्या टाकीतून उरलेले किडे मादीला द्यायचे नाहीत. वजन दर आठवड्याला लिहा, विष्ठा तपासून घ्या आणि क्रिप्टोस्पोरिडियम या पोटातल्या परजीवीची तपासणी नाव घेऊन मागा, कारण नेहमीच्या तपासणीत ते सुटू शकतं. खात असूनही शेपूट बारीक होत गेली, तर समजा की प्रकरण गंभीर आहे. क्रिप्टोवर भरवशाचा इलाज नाही, आणि तुमची मादी तर आज ठणठणीत आहे.

विक्रेत्याने गावाचं नाव सांगितलं तर इथे खाली लिहा, मी नकाशावर बघतो. मला आजवर एकानेच सांगितलं होतं, आणि ते गाव समुद्रात निघालं.