‘को-रिस्पॉन्डन्ट शूज’ : वार्ताहराशी या बुटांचा काही संबंध नाही

तुमचा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही. १९३०च्या दशकातल्या इंग्लिश रहस्यकथेचा अनुवाद करताय, समुद्रकाठच्या हॉटेलात एक गृहस्थ पांढरे-तपकिरी ‘को-रिस्पॉन्डन्ट शूज’ घालून येतो, कोशात अर्थ सापडत नाही आणि संपादक म्हणतात, ‘वार्ताहरी बूट’ करून टाका. कृपा करून करू नका. माझ्या पुस्तकात नेमकं हेच झालं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

शब्द कोर्टातला आहे. (मी वकील नाही, अनुवादापुरतं वाचलंय.) १८५७च्या कायद्याने इंग्लंडमध्ये घटस्फोट दिवाणी कोर्टात आला. बायकोचा व्यभिचार हे कारण दाखवून नवऱ्याने अर्ज केला, की बायको जाबदार आणि तिचा तो कथित प्रियकर सहजाबदार, म्हणजेच को-रिस्पॉन्डन्ट. आपल्याकडे १८६९च्या घटस्फोट कायद्यातही हीच तरतूद होती. १९३७ साली कायदा बदलेपर्यंत इंग्लंडात घटस्फोट मागायचा तर मुख्य कारण व्यभिचार हेच. वर्तमानपत्रं असे खटले इतके चवीने छापत, की १९२६ मध्ये तपशील छापण्यावर निर्बंध आणावे लागले. त्यामुळे हा शब्द तिथल्या सामान्य वाचकालाही पाठ होता. असले भपकेबाज बूट घालणारा माणूस उद्या कुणाच्या तरी घटस्फोटात सहजाबदार म्हणून उभा राहणार, असा त्या नावातला टोमणा.

बूट म्हणाल तर अमेरिकेत ज्यांना स्पेक्टेटर म्हणतात तेच. मधला भाग पांढरा, बहुधा मखमलीसारख्या लवेच्या कातड्याचा. पुढची टोपी, टाचेची बाजू आणि बऱ्याचदा नाडीच्या भोकांची पट्टी गडद, काळी किंवा तपकिरी, कडेला बारीक भोकांची नक्षी. चिखल आणि गवताचे डाग जिथे लागतात नेमकं तिथेच गडद कातडं. लंडनच्या जॉन लॉब या बूट बनवणाऱ्याकडे १८६८ मध्ये क्रिकेटसाठी असा पहिला बूट झाला, असं सांगितलं जातं. सॅडल शूजशी मात्र गल्लत करू नका. त्यात गडद पट्टा पायाच्या मधोमध, खोगिरासारखा, आणि टोक-टाच फिकट. मुखपृष्ठाच्या चित्रकारालाही हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर चित्रात हमखास सॅडल येतो.

आता माझं दुखणं. माझ्या कथेत एक म्हातारी आत्या दारात उभ्या असलेल्या पाहुण्याचे बूट बघते आणि एक शब्द न बोलता भाचीला आत बोलावून घेते. सगळा प्रसंग त्या बुटांच्या नावावर उभा. मी ‘सहजाबदाराला शोभतील असे दुरंगी बूट’ लिहून खाली दोन ओळींची टीप दिली होती. प्रकाशनसंस्थेच्या कार्यालयात (नाव घेत नाही) कुणीतरी मूळ पुस्तक उघडलं, इंग्लिश शब्द ‘करस्पॉन्डन्ट’ असा वाचला आणि परस्पर ‘वार्ताहराचे बूट’ केलं. टीपही काढली, पानात बसत नव्हती म्हणे. अंतिम प्रूफ मला दाखवलंच नाही. छापील प्रतीत आत्या वार्ताहराला घाबरून भाचीला आत बोलावते! परीक्षणात ‘अनुवादिकेला संदर्भ कळलेला नाही’ असं आलं, ते माझ्या नावावर. शुद्धिपत्र घाला म्हणून पत्रं लिहिली, फोन केले. ‘संपादकीय अधिकार आमचा’ एवढंच उत्तर. एका चिठोऱ्याचा खर्च होता हो तो. त्याचा राग अजून आहे आणि तो रास्तच आहे असं मला वाटतं.

तुमच्या वाक्यापुरतं माझं मत : ‘दुरंगी बूट’ वापरा. मराठीत दुरंगी माणूस म्हटलं की त्याच्यावर विश्वास ठेवू नये हे वाचकाला आपोआप कळतं, निम्मं काम तिथेच होतं. उरलेलं निवेदनात टाका, ‘घटस्फोटाच्या खटल्यात ज्याचं नाव निघावं अशा माणसाच्या पायातले’ वगैरे. तळटीप मला आवडते, पण रहस्यकथेत ती वेग मारते, हे मान्य. मात्र लेखक अमेरिकन असेल आणि मुळात ‘स्पेक्टेटर’ असेल, तर हा टोमणा घुसडू नका, तिथे ते नाव निर्मळ आहे.

आणखी एक. हे नाव इंग्लंडचा राजा आठवा एडवर्ड आणि वॉलिस सिम्पसन (जिच्याशी लग्न करण्यासाठी त्याने गादी सोडली ती) यांच्या प्रकरणावरून पडलं असं टीपेत लिहू नका. राजपुत्र असताना तो असे बूट घालायचा हे खरं. पण ऑक्टोबर १९३६ मध्ये इप्सविचच्या कोर्टात वॉलिस सिम्पसन स्वतः अर्जदार होती, व्यभिचाराचा आरोप तिच्या नवऱ्यावर होता. त्या खटल्यात एडवर्ड सहजाबदार नव्हताच.

करारावर सही केली नसेल तर ‘अंतिम प्रूफ अनुवादकाने पाहिल्याशिवाय छपाई नाही’ हे कलम घालून घ्या. सही झाली असेल तर निदान संपादकांना आजच ईमेल करून या शब्दाचा अर्थ लेखी कळवा आणि पोच मागा. फोनवर सांगितलेलं नंतर कुणाला आठवत नाही. मूळ परिच्छेद इथे टाकलात तर वाक्य जुळवायला मी मदत करीन.