सिमेंटच्या जिन्यावर सागवानी पायऱ्या बसवायच्या आहेत, जुनी शहाबादी काढावीच लागेल का?

हो, काढा. मी सोलापुरातच असतो, जुळे सोलापूरला, आणि आम्ही हेच काम फरशी न काढता केलं होतं म्हणून एवढं ठामपणे सांगतोय.

तुम्ही लिहिलंय की मिस्त्री म्हणतोय फरशी पक्की आहे, तिच्यावरच इंचाची फळी चिकटवू, तोडफोड वाचेल. आमचा मिस्त्री पण सेम हेच म्हणला होता, आणि ऐकताना पटतं ओ. पण जरा हिशोब करा. समजा आत्ता प्रत्येक पायरी सहा इंचाची आहे. सगळ्यांवर इंच इंच फळी चढली की मधल्या पायऱ्या सहाच्या सहाच राहतात, कारण खालची पण चढली अन् वरची पण. पण खाली हॉलची फरशी आहे तिथंच आहे, म्हणून पहिली पायरी झाली सात, आणि वरच्या मजल्याची फरशी पण हलली नाही, म्हणून शेवटची उरली पाच. एकाच जिन्यात पाच पण आणि सात पण. डोळ्याला दिसत नाही, पायाला बरोबर कळतं. माझी आई तो जिना इतकी वर्षं लाईट न लावता उतरायची, फळ्या बसल्यावर खालच्या पायरीला तिचा पाय दणकन खाली जायला लागला. एकदा हातात ओल्या कपड्यांची बादली होती, भिंत धरून तिथंच बसली ती, गुडघा पंधरा दिवस सुजलेला. त्याच आठवड्यात सगळं उखडलं. चिकटवलेल्या फळ्या निघताना चार उभ्या चिरल्या, चांगल्या सागवानाच्या, बघून जीव तुटला.

शहाबादी अन् खालचा मसाला मिळून दीड-दोन इंच सहज निघतो. मग वरून कोबा, म्हणजे सिमेंटचा थर, करून असं लेव्हल घ्यायचं की फळी बसल्यावर पायरीची उंची पहिल्यासारखीच येईल. पाणसळ (लेव्हल बघायची पट्टी) प्रत्येक पायरीला आडवी-उभी दोन्हीकडून लावायला सांगा, समोर उभं राहून. कोबा झाला की घाई करू नका, महिनाभर तरी वाळू द्या. वरून कोरडा दिसतो पण आत ओल असते. फूटभर प्लॅस्टिक कागद चारी बाजूंनी टेपनं चिकटवून एक दिवस ठेवा, आतून घाम आला तर अजून थांबा. जिना उघडा आहे तोवर भिंतीच्या सांध्यातनं वाळवीचं औषध मारून घ्या, नंतर ती संधी नाही.

लाकूड घेताना गाभ्याचं घ्या, पिवळसर-पांढरा सालीकडचा भाग असलेल्या फळ्या बाजूला काढा, वाळवी सागवानाला लागत नाही म्हणतात ते गाभ्यापुरतं खरं आहे. आणलेल्या फळ्या दोन आठवडे घरातच, मधे पट्ट्या ठेवून, रचून ठेवा. आपल्याकडं मे महिन्यात ४२-४३ डिग्री आणि हवा खडखडीत कोरडी, आणि सप्टेंबरात पाऊस लागला की तीच फळी फुगते. लाकूड लांबीत जवळपास हलत नाही, रुंदीत हलतं. म्हणून मे महिन्यात अगदी टाईट बसवलेली फळी पावसाळ्यात मधे उचलते. मागच्या बाजूला दोन-तीन एमेम जागा सोडायची, ती दिसत नाही.

मापाचं एक सांगतो, हे मिस्त्री लोक टाळतात. एक पायरी मोजून सगळ्या फळ्या कापू देऊ नका. आमच्या जिन्याला गुण्या लावला तर एक पण कोपरा काटकोनात नव्हता. फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा घेऊन प्रत्येक पायरीचा साचा कापला, त्यावर नंबर टाकले, आणि नंबराप्रमाणे फळ्या कापल्या. अर्धा दिवस जास्त गेला पण भिंतीकडं फटी आल्या नाहीत, त्या झाकायला नंतर पट्टी मारायची वेळ आली नाही.

आधी उभी फळी बसवायची, मग तिच्या डोक्यावर आडवी. चिकटवायला पांढरा फेविकॉल नको, सिमेंटवर लाकूड धरून ठेवणारा पीयूचा (पॉलियुरेथेन) गोंद घ्या, आणि ठिपके न देता भरपूर लावा, खाली पोकळी राहिली की पाय ठेवल्यावर ढप आवाज येतो. पॉलिश मॅट मारा, चकचकीतवर मोजे घातलेला माणूस घसरतो, घरात म्हातारं माणूस असेल तर कडेला दोन खाचा पण पाडून घ्या. काम चालू असताना पायऱ्या झाकायला जुन्या चादरी टाकू नका, त्या पायाखाली सरकतात, पुठ्ठाच टेपनं चिकटवा.

मिस्त्रीला होकार द्यायच्या आधी पहिली, मधली एक आणि शेवटची, तिन्ही पायऱ्यांची उंची टेपनं मोजा आणि फरशीची जाडी पण बघा. आकडे इथं टाका, कोबा किती जाड लागेल ते काढून देतो.