भरपाई मागितली, मदत मिळाली

प्रश्न : 2022 ला पाकिस्तानात एवढा पूर आला, तेव्हा पेपरात वाचलेलं की श्रीमंत देश आता नुकसानीचे पैसे देणार, लॉस अँड डॅमेज फंड का कायसं. ते पैसे म्हणजे भरपाईच ना? मग दिले का त्यांनी? – एक वाचक, लातूर

उत्तर : भरपाई म्हणू नका हो, सगळं घोडं त्या शब्दावरच अडलंय! आपल्याकडे गारपीट झाली की तलाठी येऊन पंचनामा करतो, मग कधीतरी खात्यात पैसे पडतात, शेतकरी त्याला भरपाई म्हणतो आणि सरकारी कागदावर असते ती मदत. इथंही तेच आहे, फक्त कागद मोठा. भरपाई म्हटलं की श्रीमंत देशांनी धूर सोडून हवामान बिघडवल्याची चूक कबूल केल्यासारखं होतं, उद्या कोणी कोर्टात खेचेल. म्हणून 2015 ला हवामान बदलावरच्या पॅरिस करारात कलम 8 मध्ये नुकसानीचा विषय घेतला खरा, पण सोबतच्या ठरावात, 51 व्या परिच्छेदात, हळूच लिहून घेतलं की या कलमावरून कोणाची जबाबदारी किंवा भरपाई ठरणार नाही. अमेरिकेचा हट्ट होता तो.

फंडाची मागणी तशी जुनी, समुद्र वाढला तर आमचं काय म्हणून पॅसिफिकमधला चिमुकला देश वानुआटू आणि बाकीची बेटं 1991 पासून ओरडतायत. शेवटी नोव्हेंबर 2022 ला इजिप्तमध्ये शर्म अल शेखच्या हवामान परिषदेत फंड मान्य झाला, तेव्हा विकसनशील देशांच्या गटाचं अध्यक्षपद नेमकं पाकिस्तानकडेच होतं आणि तिकडे 3 कोटींवर लोकांना पुराचा फटका बसलेला.

आता आकडे बघा. पाकिस्तानचं नुकसान 3000 कोटी डॉलरच्या घरात, आणि 2023 ला दुबईच्या परिषदेत या फंडात सगळ्या जगासाठी मिळून कबूल झाले जेमतेम 80 कोटी, त्यात अमेरिकेचे पावणेदोन कोटी!! तेही ऐच्छिक, म्हणजे वर्गणीच म्हणा. पाकिस्तानसाठी जानेवारी 2023 ला जिनिव्हात वेगळी बैठक झाली, 900 कोटींच्या वर आकडा गेला म्हणून टाळ्या पडल्या, पण त्यातलं बहुतेक कर्ज होतं. पूर आला त्यांच्याकडे आणि हप्तेही त्यांनीच भरायचे.

अमेरिका तर मार्च 2025 ला फंडाच्या बोर्डावरूनच उठली. पण वानुआटूवाले चिवट निघाले, त्यांनी पुढाकार घेऊन प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयापर्यंत नेलं आणि जुलै 2025 ला कोर्टाने मत दिलं की हवामानाबाबतची कर्तव्यं मोडणाऱ्या देशाला भरपाई द्यावी लागू शकते. मत बंधनकारक नाही, पण तो नको असलेला शब्द आता कोर्टाच्या कागदावर आलाय.