बाप्तिस्मा माझ्यासाठी की प्रभूसाठी?

प्रश्न : मी सोलापूरच्या जुन्या ख्रिस्ती घराण्यातली आहे. नऊ वर्षांपूर्वी, लग्नाआधी, माझ्या यजमानांनी बाप्तिस्मा घेतला. तो माझ्या वडिलांची अट होती म्हणून घेतला की मनापासून, हे मला आजही कळलेले नाही. ते टॉवेलच्या कारखान्यात काम करतात. रविवारी उपासनेला येतात, पण गीते म्हणत नाहीत आणि घरच्या प्रार्थनेत कधी तोंड उघडत नाहीत. यंदा ग्रामदैवत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत सासूबाईंच्या आग्रहाखातर पारंपरिक बाराबंदी घालून नंदीध्वजांच्या मिरवणुकीत चालले. मात्र मागे मुलाला टायफॉइड झाला तेव्हा पहाटे दवाखान्याच्या व्हरांड्यात ते एकटेच येशूने शिकवलेली ‘प्रभूची प्रार्थना’ पुटपुटत होते; ऋणे सोडण्याच्या ओळीपाशी अडखळले की पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होते. ते खरे विश्वासी आहेत की नाहीत, हे मी कसे ओळखावे?

उत्तर : ताई, तुमच्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर कोणाही माणसाच्या हाती नाही. मनुष्य बाहेरचे स्वरूप पाहतो आणि परमेश्वर हृदय पाहतो, असे शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात (१६:७) म्हटलेच आहे. ‘फळांवरून ओळखाल’ हे वचन अशा वेळी हटकून पुढे केले जाते. परंतु मत्तयाच्या ज्या सातव्या अध्यायात ते येते तिथे ते खोट्या संदेष्ट्यांविषयी आहे, आणि त्याच अध्यायाचा आरंभ दुसऱ्याचा न्याय करू नका या आज्ञेने होतो. अबोल नवऱ्याला ते माप लावण्याआधी थोडे थांबावे.

गीते तुम्ही आईच्या मांडीवर शिकलात. ज्याच्या घरात ती कधी कानावर पडली नाहीत आणि ज्याचा बाप्तिस्मा सासऱ्यांच्या अटीने झाला, त्याला तुमच्या माहेरच्या माणसांदेखत प्रार्थना करताना आपली परीक्षा घेतली जात आहे असे वाटणे अगदी शक्य आहे. ती अट मला पटत नाही, हे स्पष्ट लिहितो. बाप्तिस्मा हे विश्वासाचे चिन्ह आहे, लग्नाचा परवाना नव्हे, आणि तुमच्या आजच्या शंकेचे मूळ मला तिथेच दिसते.

बाराबंदीची गोष्ट अवघड आहे. राजांच्या दुसऱ्या पुस्तकात (५:१८-१९) कुष्ठरोगातून बरा झालेला अरामी सेनापती नामान अलीशा संदेष्ट्याला सांगतो की, माझा धनी माझ्या हातावर टेकून रिम्मोन दैवताच्या मंदिरात नमन करील तेव्हा मलाही वाकावे लागेल, त्याची मला क्षमा व्हावी. आणि संदेष्टा त्याला ‘शांतीने जा’ एवढेच म्हणतो. यावरून सर्व काही चालते असे मी म्हणणार नाही. आईचे मन राखण्यासाठी चालणे आणि भक्तिभावाने चालणे यांत अंतर आहे, पण ते मिरवणुकीकडे पाहून कळत नाही, त्यांनाच विचारावे लागते.

म्हणून विचारा, मात्र रविवारच्या उपासनेवरून परतताना नको आणि वडिलांसमोर तर मुळीच नको. आधी स्वतःच्या विश्वासाविषयी, त्यातल्या शंकांसुद्धा, मोकळेपणाने बोला आणि मग ख्रिस्त तुम्हाला कोण वाटतो, असे सरळ विचारा. उत्तर अर्धवट आले तरी ते खोटे ठरत नाही. ‘माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा’ असे येशूला म्हणणाऱ्या बापाच्या मुलाला त्याने बरे केले (मार्क ९:२४), आणि तोही आजारी मुलाचाच बाप होता.

समजा, ते ‘नाही’ म्हणाले. तरीही तुमचा संसार अपवित्र होत नाही. पत्नीबरोबर राहण्यास राजी असलेल्या, विश्वास न ठेवणाऱ्या पतीला तिने सोडू नये, असे पौल करिंथकरांना स्पष्ट लिहितो (१ करिंथ ७:१३). आपल्याकडे लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरण आहे. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. मधला काही काळ दोघे वेगळे राहिले आणि पुन्हा एकत्र आल्यावरही त्या आपले सोवळे पाळत होत्या. त्यांचा विश्वास त्यांच्या वेळेने आला.

व्हरांड्यातल्या त्या पहाटेवरून मी निष्कर्ष काढणार नाही, कारण घाबरलेला बाप ओठांवर येतील ते शब्द म्हणतो. पण त्यांच्या ओठांवर हेच शब्द आले, आणि ऐकणारे कोणी नाही असे वाटत असताना आले. मुलगा निजल्यावर एखाद्या रात्री त्या पहाटेची आठवण काढा आणि तुम्ही ऐकले होते हे त्यांना सांगा. बहुधा त्यांना ते अजून ठाऊक नसेल.