प्रश्न तुमचे : शेवटच्या पंगतीचं मटण

प्रश्न : नाताळच्या प्रीतिभोजनाला २०० पानं होती, २२ किलो मटण आणलं होतं. शेवटच्या पंगतीला ते संपलं. महिला मंडळाचा हिशेब माझ्याकडे असतो. त्याच रात्री एका बाईंनी ग्रुपवर 'पैसे गेले कुठं?' असं टाकलं. तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे. घरचे म्हणतात, 'कुरकुर व वादविवाद न करता सर्व करा' हे वचन आठव आणि सोडून दे. गप्प बसणं म्हणजेच ख्रिस्ती वागणं का? (एक भगिनी, कसबा बावडा)

उत्तर : ताई, फिलिप्पैकरांस २:१४ मधलं, म्हणजे पौलाने फिलिप्पै इथल्या मंडळीला लिहिलेल्या पत्रातलं, ते वचन कुरकुरीबद्दल आहे, गप्प बसण्याबद्दल नाही. तिथला मूळ ग्रीक शब्द 'गोंगुस्मॉस' म्हणजे ओठांतल्या ओठांत चाललेली पुटपुट. ज्याच्या हातात काही करणं आहे तो सोडून बाकी सगळ्यांच्या कानी जाते, ती. हाच शब्द प्रेषितांची कृत्ये ६:१ मध्ये आहे आणि गंमत म्हणजे तिथंही भांडण जेवणाचंच. रोजच्या वाटणीत ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होत होतं. प्रेषितांनी, म्हणजे येशूने निवडलेल्या शिष्यांनी, कुणाला झापलं नाही, सात माणसं निवडायला लावली. स्तेफनापासून निकलावापर्यंत सातही नावं ग्रीक आहेत. म्हणजे तक्रार ज्यांची, बहुधा त्यांच्यातल्याच लोकांच्या हाती वाढप गेलं.

म्हणून आधी हिशेब. हाडासकट मटण माणशी दीडशे ग्रॅम धरलं तरी २०० पानांना ३० किलो लागतं. तांबडा-पांढरा रस्सा पाणी घालून वाढवता येतो, पीस वाढवता येत नाहीत. पैसे कुठं गेले नाहीत, आठ किलो मटण आलंच नव्हतं. पावत्या जोडून हे एका कागदावर मांडा.

मग मत्तय १८:१५-१७. प्रभूने सांगितलेला क्रम साधा आहे : आधी एकट्याने जा, मग एकदोघांना घेऊन, मग मंडळीपुढे, म्हणजे सगळ्या चर्चपुढे. आपल्याकडे तो हमखास उलटा चालतो. पहिल्यांदा ग्रुप, मग चार मैत्रिणी, मग पाळकसाहेब आणि जिच्याशी बोलायचं ती सगळ्यांत शेवटी. तोवर तिच्याकडे उत्तर नाही, नुसता राग उरलेला असतो.

त्यांच्या घरी जा. रविवारी उपासना सुटल्यावर आवारात नको, तिथं वीस कान असतात. मधल्या वाराची दुपार बरी. कागद पुढे ठेवा आणि एवढंच म्हणा : "मटण कमी पडलं, अंदाज माझा चुकला. पण ग्रुपवर पैशाचं आलं ते मला लागलं." 'तुम्ही नेहमीच असं करता' हे वाक्य तोंडी आणू नका. 'नेहमी' म्हटलं की मागच्या पाच नाताळांचा हिशेब निघतो. त्या चुकलं म्हणाल्या, तर ग्रुपवरचं ग्रुपवरच दुरुस्त करा असं मागायला हरकत नाही. चारचौघांत गेलेला शब्द बंद दाराआड परत येत नाही.

नाहीच ऐकलं तर सोबत न्यायची व्यक्ती त्यांच्या विश्वासातली निवडा, तुमच्या नव्हे. तरी जमलं नाही तर पंचांकडे, लेखी. शेवटी त्याच उताऱ्यातलं 'तो तुला परराष्ट्रीय किंवा जकातदार असा होवो' हे वाक्य दाखवून वाळीत टाकणारे भेटतात. ते लिहिणारा मत्तय स्वतः जकातदार होता आणि प्रभू त्याच्या घरी जेवला, हे त्यांना आठवून द्यावं.

पुढच्या वर्षी मटण आणायचं काम त्याच बाईंकडे द्या. टोमणा म्हणून नव्हे, खरंच द्या.

प्रश्न : नवरा ताटावर बसला की कुरकुर सुरू. आईच्या हातची चव, हे कमी, ते जास्त. मीही मग बोलते. (राजारामपुरी)

उत्तर : गणना ११:५ वाचा. मिसरातल्या (इजिप्तच्या) गुलामीतून सुटल्यावर रानात इस्राएल लोकांना तिथले मासे, काकड्या, खरबुजं, कांदे, लसूण आठवले, तेही 'फुकट' म्हणून. विटा पाडून पाठ मोडली होती, ते नाही आठवलं. कुरकुरीत जुनं सगळं गोडच असतं, त्यामुळे चवीवर वाद घालून हाती काही लागत नाही. ताटावर उत्तर देऊ नका. जेवण झाल्यावर विचारा, "उद्या काय करू? एक सांगा, आणि बाजारातून तेवढं आणा." मागणी आली की कुरकुरीला जागा उरत नाही, मागणी येतच नसेल तर दुखणं भाजीचं नाही, दुसरं आहे, ते विचारा. नीतिसूत्रे १७:१४ मध्ये भांडणाच्या सुरुवातीला पाण्याला वाट करून देण्याची उपमा आहे. उसाला दारं धरणाऱ्याला ती फोडून सांगायला नको : पाट बोटभर फुटला तेव्हा मूठभर चिखल पुरतो, तासाभराने खोऱ्यानेही आवरत नाही. मात्र हात उगारला जात असेल, तर ती कुरकुर नव्हे. ते सोसू नका, घरच्यांना आणि गरज पडली तर ११२ वर पोलिसांना कळवा.

प्रश्न : गायनमंडळातल्या दोघी एकमेकींशी बोलत नाहीत. मी मध्ये पडू का? (शाहूपुरी)

उत्तर : पडा. फिलिप्पैकरांस ४:२ मध्ये मंडळीतल्या दोन बायकांचं पटत नव्हतं; पौल युवदीयेला एकमताने राहण्याची विनंती करतो आणि सुंतुखेलाही, प्रत्येकीला वेगळी. चूक कुणाची हे तो लिहीत नाही, पण पुढच्याच ओळीत तिसऱ्या माणसाला त्यांना मदत करायला सांगतो. दोघींकडे वेगवेगळं जा. एकीने सांगितलेलं दुसरीकडे नेऊ नका, 'ती तुझ्याबद्दल चांगलं बोलली' अशी गोड थापही नको, कारण भेट झाली की ती उघडी पडते. दोघींनी होकार दिल्यावरच एकत्र बसवा, आणि सरावाच्या आधी नको, नंतर.