सी स्क्वर्टच्या अळीला शेपूट कोणत्या जनुकामुळे येते?

प्रश्नात म्हटलंय की ओहोटीला हाजीअलीच्या खडकाखाली चिकटलेली मऊ पिशवी दिसली, दाबल्यावर पाण्याची चिळकांडी उडाली, आणि हिच्या अळीला शेपूट असते हे खरं वाटत नाही. ही पिशवी म्हणजेच सी स्क्वर्ट, खडकाला चिकटून राहणारा समुद्री प्राणी; आणि अळीला शेपूट खरंच असते. बेडकाच्या पिल्लासारखी दिसते ती. शाळेत ‘पुच्छसमपृष्ठरज्जू’ म्हणून घोकलेला गट तो हाच.

शेपटीचं काम एकट्या जनुकाचं नाही. स्नायूंची तजवीज आईच करून ठेवते: ‘माचो-१’ या जनुकाचा आरएनए (त्याचा निरोप वाहणारा रेणू) अंड्याच्या मागच्या टोकाला आधीच साठवलेला असतो. तो काढून टाकला की शेपटीचे बहुतेक स्नायू होतच नाहीत. पृष्ठरज्जू म्हणजे शेपटीला आतून आधार देणारा दांडा; त्याचा मुख्य कारभारी ‘ब्रॅक्युरी’ हे जनुक. सिओना या सी स्क्वर्टच्या प्रकारात पृष्ठरज्जूच्या पेशी फक्त ४०. त्या आधी एकत्र गोळा असतात, मग एकमेकींत सरकत सरकत नाण्यांच्या चळतीसारख्या एका ओळीत येतात आणि शेपूट लांबते. हेच जनुक उंदरात बिघडलं तर त्याचीही शेपूट आखूड होते, म्हणजे हा वारसा किती जुना आहे बघा.

मला सर्वांत भावतो तो मोल्गुलाचा प्रयोग. सी स्क्वर्टच्याच या कुळातल्या एका जातीच्या अळीला शेपूट आहे, तिच्या जवळच्या दुसरीला नाही. बिनशेपटीच्या जातीचं अंडं आणि शेपटीवाल्याचे शुक्राणू यांचा संकर केला की आखूड शेपूट परत येते. १९९६ मध्ये स्वाला आणि जेफ्री या शास्त्रज्ञांनी अशा संकरात ‘मँक्स’ हे जनुक बंद पाडलं, तर ती शेपूट पुन्हा गेली.

दगड उचललात तर तसाच परत ठेवा, पिशवी खालच्या बाजूलाच राहू द्या.